अंगठीतून शाल, चहात हिशेब

१८७२ सालच्या जानेवारीत शेटलंड बेटांवरच्या लर्विक गावात सरकारी चौकशी बसली होती. विल्यम गथ्री नावाचा अधिकारी एकेका साक्षीदाराला समोर बसवून प्रश्न विचारत होता आणि प्रश्नोत्तरं शब्दन् शब्द उतरवून घेतली जात होती. साक्षीदारांत मासेमारी करणारे होते, दुकानदार होते आणि लोकरीचं विणकाम करणाऱ्या बायका होत्या. बायकांना विचारलेले प्रश्न साधे होते. शाल कोणाला विकता? तिचं काय मिळतं? पैसे हातात पडतात का? उत्तरंही साधीच होती, आणि एकीचं उत्तर दुसरीच्या उत्तराशी जुळत होतं. शाल दुकानदाराला द्यायची. बदल्यात चहा घ्यायचा, नाहीतर कापड. पैसे मागितले तर दुकानदाराचं तोंड वाकडं होतं.

त्याच सुमारास लंडनच्या दिवाणखान्यांत या शालींचं कोण कौतुक चाललं होतं! सहा फूट लांब, सहा फूट रुंद आणि तरी लग्नाच्या अंगठीतून सळकन ओढून काढता येईल अशी शाल. वजन अडीच औंसांच्या, म्हणजे सत्तर ग्रॅमच्या आसपास. ‘रिंग शॉल’ हेच तिचं नाव पडलं होतं. आपल्याकडे ढाक्याच्या मलमलीबद्दल आणि काश्मीरच्या शाहतूशबद्दल हीच अंगठीची गोष्ट सांगतात. शेटलंडच्या शालीत मात्र माग नाही, धोटा नाही. दोन-तीन सुया आणि लोकरीचा धागा, एवढ्यावरच सगळा कारभार. तिच्या उबेचं रहस्य लोकरीइतकंच लोकर जिथे नाही त्या जागांत होतं. ती शाल म्हणजे भोकांचीच नक्षी.

शेटलंड म्हणजे स्कॉटलंडच्या उत्तरेला, साठ अंश अक्षांशाच्या आसपास पसरलेली शंभरावर बेटं. माणसांची वस्ती त्यांतल्या जेमतेम पंधरा-सोळा बेटांवर. लर्विकहून एडिंबरापेक्षा नॉर्वेतलं बर्गन जवळ पडतं, आणि इतिहासही बराच काळ तिकडचाच होता. १४६९ साली डेन्मार्क-नॉर्वेचा राजा पहिला ख्रिश्चन याच्याकडे मुलीच्या हुंड्याचे पैसे नव्हते. जावई स्कॉटलंडचा राजा. तेव्हा ख्रिश्चनने ही बेटं ८,००० फ्लोरिनांना गहाण टाकली, आणि ती पुन्हा कधी सुटलीच नाहीत. १६६१ च्या तहाने पोर्तुगीज राजकन्येच्या हुंड्यात मुंबई इंग्रजांकडे गेली, ते मराठी वाचकाला शाळेपासून ठाऊक असतं. हुंड्यापायी बेटं हातची जाण्याचा प्रकार शेटलंडने जवळपास दोनशे वर्षं आधी पाहून ठेवला होता.

इथली थंडी लडाखसारखी कोरडी नाही. अटलांटिकमधल्या उबदार प्रवाहामुळे भर हिवाळ्यातही पारा शून्याच्या खाली फारसा घसरत नाही. छळतो तो वारा. झाडं जवळपास नाहीतच, त्यामुळे समुद्रावरून सुटलेला ओला, खारा वारा घराच्या भिंतीवर येऊनच थांबतो. बाहेर असलेल्या माणसाच्या तो कानाच्या पाळीतून, गळ्याच्या खळगीतून आत शिरतो. म्हणून इथल्या बाईच्या अंगावर बारा महिने असायचा तो ‘हॅप’. हॅप म्हणजे बोलीत गुंडाळणं, पांघरणं. चौकोनी, जाड लोकरीची, रोजच्या वापराची शाल. डोक्यावरून घ्यायची, गळ्याशी आडवी करून पाठीमागे गाठ मारायची, तान्हं मूल असेल तर त्यालाही त्यातच लपेटायचं. देशावरच्या धनगराच्या घरात घोंगडीला जे स्थान, तेच शेटलंडच्या घरात हॅपला. अंगठीतून जाणारी शाल जन्मली ती याच हॅपच्या पोटी.

पण त्याही आधी होते मोजे.

सतराव्या शतकात दर जूनमध्ये हेरिंग मासे पकडायला डच होड्यांचे तांडे शेटलंडच्या पाण्यात येत. शेकडो होड्या ब्रेसे बेटाच्या आडोशाला नांगर टाकत, हजारो माणसं किनाऱ्यावर उतरत, आणि बेटावरच्या बायका हिवाळाभर विणून ठेवलेले जाडेभरडे मोजे घेऊन तिथे जात. बदल्यात नाणी, जिन, तंबाखू. या जत्रेभोवती ज्या झोपड्या उभ्या राहिल्या त्यांत इतकी दारू आणि इतका धिंगाणा चालू लागला, की १६२५ साली त्या पाडून टाकण्याचा हुकूम निघाला. झोपड्या पाडल्या तरी बाजार काही हटला नाही. त्याच जागेवर आजचं लर्विक उभं आहे.

त्या काळच्या विणकामाचा एक पुरावा फार विचित्र रीतीने हाती लागला. १९५१ च्या मे महिन्यात गनिस्टर गावाजवळ दोघे जण जळणासाठी दलदलीतली माती, म्हणजे पीट, कापत होते. फावड्याला कापड लागलं. खाली एक माणूस पुरलेला होता, १७०० च्या आसपासचा. पीटच्या आम्लाने त्याची हाडं जवळजवळ खाऊन टाकली होती, पण लोकर जशीच्या तशी राहिली होती. विणलेल्या टोप्या, हातमोजे, गुडघ्यापर्यंतचे मोजे आणि एक छोटी विणलेली थैली. थैलीत तीन नाणी निघाली, दोन डच आणि एक स्वीडिश. बेटावर माणूस मेला तेव्हा त्याच्या थैलीतसुद्धा परदेशी पैसा होता, यावरून त्या बाजाराचा पसारा कळतो. हे सगळे कपडे आता एडिंबराच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत.

पुढे युरोपातल्या लढायांनी डच तांडे विरळ केले. मोजे विणणारी यंत्रं इंग्लंडच्या मध्यभागात खडखडू लागली. पुरुषांनी विजारी लांब केल्या आणि गुडघ्यापर्यंतच्या मोज्यांची गरजच कमी झाली. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला शेटलंडच्या बायकांच्या हातात सुया होत्या, कसब होतं आणि गिऱ्हाईक नव्हतं.

यातून वाट निघाली ती जाळीची. तिच्यामागचं गणित गरिबाघरचं होतं. बेटावरच्या मेंढ्या लहानखुऱ्या. एकीच्या अंगावरची लोकर किलो-दीड किलोपेक्षा फारशी भरायची नाही. त्यातही मानेवरची सर्वांत मऊ लोकर मूठ-दोन मुठी. मोजे वजनावर आणि नगावर विकले जात. तिथे यंत्राशी झुंजणं शक्य नव्हतं. पण त्याच मूठभर लोकरीचा केसासारखा धागा काढला आणि त्याची जाळी विणली, तर किंमत लोकरीला न येता हाताला येते. शेटलंडच्या बाईकडे लोकर थोडी होती आणि हिवाळ्याच्या रात्री लांबलचक होत्या. भोक विणायला लोकर लागत नाही. नजर लागते, मोजदाद लागते, वेळ लागतो.

ही जाळी नेमकी कोणी सुरू केली याच्या कथा पुष्कळ आहेत. एका कथेत युरोपच्या सफरीवरून आणलेली सुताची लेस पाहून अन्स्ट बेटावरच्या बायकांनी ती लोकरीत उतरवली. फेअर आइल बेटाबद्दल तर याहून रंगीत कथा आहे. १५८८ साली स्पॅनिश आरमाराचं ‘एल ग्रान ग्रिफॉन’ हे जहाज तिथे फुटलं, खलाशांनी किनाऱ्यावर आसरा घेतला आणि बेटावरच्या बायकांना रंगीत नक्षी शिकवली, असं सांगतात. जहाज फुटलं हे खरं. बाकीचं अभ्यासक मानत नाहीत. पण शाल विकायला कथा उपयोगी पडते, हे दुकानदारांना चांगलं कळत होतं.

जाळीला बाजार मिळवून देणारी माणसं मात्र नावानिशी माहीत आहेत. एक ऑक्सफर्डचा मोज्यांचा व्यापारी एडवर्ड स्टँडन. १८३९ च्या सुमारास तो बेटांवर आला, बायकांच्या अंगावरच्या शाली पाहून थबकला आणि त्याने त्या लंडनला विकायला नेल्या. दुसरा याच मातीतला, आर्थर अँडरसन. १७९२ चा जन्म. लहानपणी लर्विकजवळ ग्रेमिस्टाच्या किनाऱ्यावर खारवलेले मासे वाळत घालायचं काम त्याने केलं, मग नौदलात गेला, मग लंडनमध्ये जहाज कंपनीत कारकून झाला आणि शेवटी त्याच धंद्यातला भागीदार. त्याने ब्रॉडी विलकॉक्सबरोबर उभी केलेली कंपनी म्हणजे ‘पेनिन्सुलर अँड ओरिएंटल’. मुंबईकरांच्या पणजोबांना ती ‘पी अँड ओ’ म्हणून माहीत होती. १८५४ पासून सुएझ आणि मुंबई यांच्यामधली टपाल आगबोट तिच्याकडे आली आणि विलायतेचा माणूस, विलायतेचं पत्र, विलायतेची छत्री मुंबईला पोचवण्याचं काम पुढे शंभर वर्षं या कंपनीच्या बोटींनी केलं. त्या कंपनीच्या संस्थापकाने १८३७ साली, व्हिक्टोरिया गादीवर आली त्याच वर्षी, आपल्या बेटावरच्या विणकामाचे नमुने राणीला भेट दिले. राणीने वापरलं म्हणजे दरबाराने वापरलं, आणि दरबाराने वापरलं म्हणजे मँचेस्टरच्या गिरणीमालकाच्या बायकोने वापरलंच पाहिजे. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात शेटलंडच्या शाली मांडल्या गेल्या, तेव्हा त्यांची ओळख करून द्यायची गरज उरली नव्हती.

सर्वांत नाजूक काम यायचं ते अन्स्टहून. ब्रिटनमधल्या वस्तीच्या बेटांत हे सर्वांत उत्तरेचं. त्यापुढे मकल फ्लगाचं दीपगृह आणि मग उघडा समुद्र.

अन्स्टच्या शालीची सुरुवात कात्रीशिवाय होते. उन्हाळ्याच्या तोंडाशी या मेंढ्यांची जुनी लोकर आपोआप सुटू लागते. तेव्हा ती कातरायची नाही, हाताने हलकेच उपटायची. याला बेटावर ‘रूइंग’ म्हणतात. कातरलेल्या लोकरीला दोन्हीकडून बोथट टोकं येतात. उपटलेल्या लोकरीचं एक टोक निमुळतं राहतं आणि धागा टोचत नाही. मग मानेवरची लोकर वेगळी काढायची, बोटांनी मोकळी करायची आणि चरख्यावर कातायची. तरबेज कातणारी औंसभर लोकरीतून हजारो वार धागा काढी. दोन किंवा तीन पदर एकत्र पिळूनही तो शिवणाच्या दोऱ्याएवढाच भरे. कातणं हा विणण्याइतकाच, कित्येकांच्या मते विणण्याहून कठीण भाग होता. लंडनच्या गिऱ्हाइकाला मात्र दिसायची ती फक्त वीण.

विणकामाला बेटावर म्हणतात ‘मॅकिन’ आणि सुयांना ‘वायर’. दोन्हीकडे टोकं असलेल्या या लांब तारा. कमरेला घोड्याचे केस भरलेला चामड्याचा जाड पट्टा असतो, त्याला भोकं पाडलेली असतात. उजव्या तारेचं मागचं टोक त्यातल्या एका भोकात खुपसलं की तार स्थिर राहते आणि उजव्या हाताची बोटं मोकळी होतात. मग बसून विणा, उभ्याने विणा, नाहीतर चालता चालता विणा. जुन्या छायाचित्रांत शेटलंडच्या बायका पाठीवर पीटने भरलेली गवताची करंडी, ‘किशी’, घेऊन डोंगर उतरताना दिसतात, आणि हातातलं विणकाम सुरूच असतं. आरामखुर्चीत बसून वेळ घालवायला विणणाऱ्या लंडनच्या बाईची आणि या बाईची ओळख फक्त दुकानाच्या काचेतून होत होती.

हॅपची किंवा इतर जाडी कामं चालता चालता जमत. बारीक जाळीला मात्र नजर हवी, उजेड हवा. डिसेंबरात इथे दिवस सहा तासांचाही नसतो, आणि घरात दिवा माशाच्या तेलाचा. त्या मिणमिणत्या उजेडात काळी लोकर विणणं म्हणजे डोळे फोडून घेणं. वर घरात पीटचा धूर. पांढरी शाल विणायची तर तिला सतत फडक्यात गुंडाळून ठेवावं लागे. जूनमध्ये उलट. त्या दिवसांत रात्र अशी होतच नाही, मध्यरात्रीसुद्धा करड्या उजेडात अक्षर दिसतं. पण तेव्हाच शेतीची, पीटची, गुरांची कामं अंगावर.

नमुने कागदावर नव्हतेच. आईच्या हाताकडे बघून मुलगी शिकायची. नावं मात्र सगळ्यांना पाठ: ‘पक्ष्याचा डोळा’, ‘मांजराचा पंजा’, ‘घोड्याचा नाल’, ‘नेच्याचं पान’, ‘कोळ्याचं जाळं’, ‘लाटेचा ठसा’. अंगणात आणि किनाऱ्यावर दिसतं तेच शालीवर उतरलेलं. या सगळ्यांत जुना आणि सोपा नमुना ‘ओल्ड शेल’. भरती ओसरल्यावर वाळूवर लाटांच्या रेघा राहतात, तशा वळणदार पट्ट्या त्यात उमटतात.

‘ओल्ड शेल’ची वीण अठरा टाक्यांची आणि चार ओळींची. चारांतल्या तीन ओळी अगदी साध्या. सगळी करामत एका ओळीत. आधी दोन-दोन टाके एकत्र करत सहा टाक्यांचे तीन करायचे. मग पुढच्या सहा टाक्यांवर, प्रत्येक टाक्याआधी लोकर सुईवरून घेऊन, सहा भोकं पाडायची. शेवटी उरलेल्या सहांचे पुन्हा तीन. सहा टाके कमी झाले, सहा वाढले, हिशेब पुन्हा अठरावर. पण जिथे कमी झाले तिथे कापड आत ओढलं जातं, जिथे वाढले तिथे फुगतं, आणि सरळ विणलेली ओळ लाटेसारखी वर-खाली होते. जाळीच्या सगळ्या नमुन्यांमागे हेच तत्त्व आहे. एक भोक पाडलं की आसपास कुठेतरी दोन टाके जोडायचेच. जोडटाका डावीकडे झुकला की पान, दोन्हीकडून झुकला की टोक, एकाआड एक झुकला की कोळ्याचं जाळं.

शेटलंडच्या बायकांना आणखी एक खोड होती. टाके घालताना आणि बंद करताना कापडाला जी घट्ट कड येते ती त्यांना खपत नसे. म्हणून त्या शालीची लेसची किनार आधी अरुंद पट्टीसारखी विणत, तिच्या कडेचे टाके उचलून काठ विणत, त्यातून मधला चौकोन, आणि शेवटी उघडे टाके सुईदोऱ्याने असे सांधत की जोड कुठे आहे ते विणणारीलाच ठाऊक. शाल कुठूनही ताणा, सारखीच ताणली जाते. अंगठीतून ती निघते ती या सैलपणामुळे.

विणून झालेली शाल दिसायला मात्र चोथ्यासारखी असते, आखडलेली, सुरकुतलेली. म्हणून लर्विकमध्ये शाली ‘ड्रेस’ करणाऱ्या बायकांचा वेगळा धंदा होता. शाल धुवायची, पांढरी असेल तर पिंपात गंधक जाळून त्याची धुरी द्यायची, मग ओली असतानाच लाकडी चौकटीवर दातेरी कडेच्या एकेका टोकाला दोरा घालून ताणून बांधायची. वाळली की भोकं उघडतात, डोळा डोळ्यासारखा दिसतो आणि लाट लाटेसारखी.

मोठ्या शालींबरोबर छोटा मालही खपत होता. तोंडावरून सोडायचे जाळीचे बुरखे विकले जात. १८६१ साली राणीचा नवरा अल्बर्ट वारला, दरबार सुतकात गेला आणि काळ्या जाळीला दिवस आले. थंडीत बाहेर पडताना डोक्याभोवती आणि गळ्याभोवती सैल गुंडाळायच्या लांब, हलक्या पट्ट्याला व्हिक्टोरियाकालीन बायका ‘क्लाउड’, म्हणजे ढग, म्हणत. आज ज्याला ‘काउल’ म्हणतात, त्या दोन्ही टोकं जोडलेल्या गळपट्टीची ही नात्याने आजीच.

आता जानेवारी १८७२ च्या चौकशीकडे.

शाल घेऊन बाई दुकानात गेली की दोन भाव असायचे. माल घेतला तर एक, रोख मागितले तर त्याहून कमी, आणि रोख मिळतीलच असं नाही. दुकानदार शालीवर फार नफा काढत नाही असं सांगत. नफा बदल्यात दिलेल्या मालावर होता. बाईला त्या दिवशी काहीच नको असेल, तर तिला एक चिठ्ठी मिळे. तिला ‘लाइन’ म्हणत. अमक्या रकमेचा माल देणे, एवढंच त्यावर लिहिलेलं, आणि चालायची ती त्याच दुकानात. घरभाडं चिठ्ठीने भरता येत नव्हतं. पीठ, बटाटे यांसारख्या गोष्टी कापडवाल्या दुकानात बहुधा मिळत नसत. मग बाई काय करी? चहा घेई. चहाची पुडी हे बेटावरचं चलनच झालं होतं. शेतकऱ्याच्या घरी चहा द्यायचा आणि पीठ आणायचं. चिठ्ठी कमी किमतीत दुसरीला विकायची आणि भाड्याचे चार शिलिंग उभे करायचे. जिची स्वतःची मेंढी नाही, तिला लोकरही दुकानदाराकडूनच घ्यावी लागे. मग ती त्याचीच कामगार. हजारांत एक अशी शाल तयार करणारी बाई उपाशी नसली तरी तिच्या मुठीत नाणं नसे.

पुरुषांची गत वेगळी नव्हती. ते सहा वल्ह्यांच्या उघड्या होड्यांतून चाळीस-चाळीस मैल खोल समुद्रात जात, आणि मासळीचा हिशेब जमीनदार किंवा व्यापाऱ्याच्या वहीत मांडला जाई. नौदल, व्यापारी जहाजं आणि ग्रीनलंडची देवमाशांची शिकार यांनी बेटावरचे तरुण सतत खेचून नेले, त्यामुळे गावोगाव पुरुषांपेक्षा बायका जास्त. १८८१ च्या जुलैत एका रात्रीच्या वादळात येल बेटाच्या उत्तरेकडच्या समुद्रात दहा होड्या बुडाल्या आणि ५८ माणसं गेली. ग्लूप गावी त्यांचं स्मारक आहे. समुद्राकडे पाहत उभी असलेली, कडेवर मूल घेतलेली दगडी बाई. त्या रात्रीनंतर कित्येक घरांत चालती राहिलेली कमाई म्हणजे सुयांवरची.

गथ्रीच्या चौकशीतून सरकारदरबारी जाडजूड अहवाल निघाला. वेतन मालाच्या रूपात देण्याविरुद्धचा कायदा १८८७ साली सुधारला, तेव्हा त्यात घरी विणलेल्या लोकरीच्या वस्तूंचाही उल्लेख आला. कायदा झाला म्हणून दुकानदाराचा गल्ला लगेच उघडला नाही. काही ठिकाणी विसाव्या शतकातही शालीच्या बदल्यात माल हाच रिवाज चालू राहिला. त्याला खरे धक्के दिले ते बाहेरच्या पैशाने. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हेरिंगचा धंदा भरभराटला आणि मासे साफ करणाऱ्या मुलींना रोख मजुरी मिळू लागली. या मुली पाळ्यांच्या मधल्या वेळातही विणतच असत. पुढे दुसऱ्या महायुद्धात बेटांवर हजारो सैनिक येऊन राहिले. घरी पाठवायला त्यांना स्वेटर, हातमोजे हवे होते आणि खिशात पगार होता. गिऱ्हाईक दाराशी येऊन पैसे मोजू लागलं, तेव्हा चिठ्ठी संपली.

जाळीचे दिवस तोवर सरत आले होते. नॉटिंगहॅमच्या यंत्रांवर ‘शेटलंड’ नावाच्या नकली शाली निघू लागल्या होत्या. १९२० च्या दशकात युवराज एडवर्डने गोल्फच्या मैदानावर फेअर आइलचं रंगीत स्वेटर घातलं आणि सगळी फॅशन तिकडे धावली. रंगीत स्वेटर लवकर विणून होतं. बारीक शालीला महिने लागत. हिशेब कोणालाही कळणारा होता. १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेतल्या गिर्यारोहकांच्या अंगातही शेटलंडच्या व्हो गावात तयार झालेली स्वेटरं होती. १९७० च्या दशकात उत्तर समुद्रात तेल लागलं, सलम व्होला मोठं तेलकेंद्र उभं राहिलं, आणि ज्या बाईच्या आजीला नाणं दिसत नव्हतं तिला महिन्याचा पगार मिळू लागला. तिने सुया खाली ठेवल्या यात नवल काय?

२०१० साल मोठं चमत्कारिक गेलं. त्या वर्षी बेटांच्या स्थानिक परिषदेने खर्च वाचवण्यासाठी प्राथमिक शाळांतले विणकामाचे तास बंद केले. आणि त्याच वर्षी ‘शेटलंड वुल वीक’ सुरू झाला. दर शरद ऋतूत जगभरच्या विणणाऱ्या बायका, आणि थोडे पुरुषही, लर्विकला येतात, मेंढ्या बघतात, म्हाताऱ्या विणकरणींकडून ‘मांजराचा पंजा’ शिकतात आणि बॅगा भरून लोकर नेतात. पुढच्याच वर्षी बेटावरच्या अस्सल लोकरीला मूळस्थानाशी निगडित नावाचं युरोपीय संरक्षण मिळालं. लर्विकच्या संग्रहालयात आणि अन्स्टच्या छोट्या वारसा केंद्रात जुन्या शाली काचेआड ठेवल्या आहेत. किती तास लागले असतील, असं पाहुणे विचारतात. तासांवर कोणी कधी पैसेच दिले नव्हते, तर तास मोजणार कोण?

सहा फुटी शाल आता क्वचितच सुयांवर चढते. चढतो तो काउल. एका लडीत भागतो, आठवड्याभराच्या संध्याकाळी पुरतात, आणि बर्गन असो, टोरांटो असो, की पुण्याच्या डिसेंबरात पहाटे टेकडीवर निघालेली मंडळी असोत, कोटाच्या किंवा स्वेटरच्या गळ्याशी उरणारी फट तो बरोबर बुजवतो. नमुना बहुधा ‘ओल्ड शेल’च. गोल सुईवर अठराच्या पटीत टाके घालायचे, समजा १०८, आणि पीळ पडू न देता टोकं जोडायची. दोन फेऱ्या सुलट, तिसरी जाळीची, चौथी उलट. उलट फेरीमुळे लाटेच्या खाली एक उठावदार रेघ येते. जाळी असून ऊब कशी, हा प्रश्न घालणाऱ्याला पहिल्याच थंडीत पडेनासा होतो. शेटलंडची लोकर हलकी आणि कुरळी. तिचे बारीक तंतू भोकांत पसरतात आणि हवा तिथेच कोंडून राहते. काउल दुमडून दुहेरी घेतला की एकाची भोकं दुसऱ्याच्या टाक्यांवर येतात, आणि वाऱ्याला सरळ वाट मिळत नाही.

टाके बंद करताना हात सैल ठेवावा लागतो, नाहीतर वरची कड गळ्याला काचते. सुईवरून उतरलेला काउल आखूड आणि ओबडधोबड दिसतो. मग तो कोमट पाण्यात अर्धा तास बुडवायचा, न पिळता टॉवेलात दाबायचा आणि गादीवर पसरून लाटेच्या एकेका टोकाला टाचणी लावून ताणायचा. लर्विकच्या बायका ज्यासाठी लाकडी चौकट वापरत, तेच काम आता टाचण्या करतात. रात्रभरात तो वाळतो. सकाळी टाचण्या काढल्या की एकेका लाटेत सहा-सहा भोकं मोजता येतात.